वाढीव पट्टी

मी मत्सरी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. किती, ते मात्र एकट्या मला. जावेनं नवी साडी नेसली की माझं पोट दुखतं. सुनेनं तिच्या आईच्या हातच्या चकल्यांचं कौतुक केलं की मला दोन दिवस जेवण जात नाही. नवरा चेष्टेनं म्हणतो, "हिला देवळात शेजारच्या बाईचा नारळ मोठा निघाला तरी राग येतो." खरं आहे ते. साठीला आल्यावर स्वभावाला औषध नसतं, हे मी मान्य करून टाकलं आहे, आणि घरच्यांनीही. पण ही झाली हसण्यावारी न्यायची प्रकरणं. या स्वभावानं माझ्याकडून जे खरोखर वाईट करवून घेतलं ते एकोणिसाव्या वर्षी, माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, शेडमध्ये, फूटभर लांबीच्या एका पोलादी पट्टीनं. ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी दोघांना सांगितलं. त्यातून काय झालं ते शेवटी येईलच.

आमची शेड चिखलीत, आमच्याच वावराच्या कडेला होती. पत्र्याचं छप्पर, विटांच्या कंबरभर भिंती आणि पलीकडे ज्वारी. आता तिथं बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत, आणि आमची बँडसॉ, म्हणजे विजेवरची मोठी करवत, जिथं उभी असायची तिथं वॉचमनची खोली आहे. मी एकदा मुद्दाम जाऊन पाहून आले. अण्णा आधी भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते. धातू ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा घेतात. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्न मेकर. पुढं कंपनी बाहेरून धातूचेच नमुने करून आणायला लागली आणि अण्णांच्या हाताला काम उरलं नाही. त्यांनी नोकरी सोडली, जुनी मशिनं आणली आणि लाकडी खेळणी करायला घेतली. भावकीतले लोक हसले. शेतकऱ्याचा पोरगा, कंपनीतून आला आणि बाहुल्या करायला बसला, असं आमच्या दारावरून जाताना मोठ्यानं बोलायचे. अण्णा मशीन चालू करायचे, म्हणजे ऐकू येणं बंद.

लाकूड यायचं ते कंपन्यांच्या खोक्यांचं. परदेशातून मशिनं ज्या खोक्यांतून येत ती खोकी पाईनची असत, आणि ती भंगारात मिळत. आई शेडच्या दाराशी पोत्यावर बसून पक्कडीनं त्यातले खिळे उपटायची. एक जरी खिळा राहिला तरी बँडसॉचं पातं तुटणार, म्हणून ती प्रत्येक फळीवरून तळहात फिरवायची. उपटलेला खिळा डब्यात टाकल्याचा टण्ण आवाज, मागं बँडसॉची शीळ, मधूनच ड्रिलचं कुरकुरणं, आणि सगळ्यावर पाईनच्या चिकाचा वास. आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, भाकरीलासुद्धा तो वास यायचा. गुरुवारी कारखान्यांची सुट्टी, वीज बंद. त्या दिवशी सगळा भाग इतका गप्प व्हायचा की ज्वारीतली पाखरं ऐकू यायची आणि आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

सकाळी मी पिंपरीला कॉलेजात जायची आणि दुपारी शेडमध्ये यायची. माझ्याकडे पॉलिशपेपर. चाकांचे बैल, झुलते घोडे, इंजिनं, सगळ्यांच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. मला ते काम आवडत नव्हतं. मला अण्णांच्या टेबलाशी बसायचं होतं. त्या टेबलावर फर्मे तयार व्हायचे, म्हणजे प्लायवूडचे कापलेले आकार. एकदा बैलाचा फर्मा झाला की राउटर, म्हणजे लाकूड कोरून काढायचं हातमशीन, त्याच्या कडेकडेनं फिरवून पाहिजे तेवढे बैल काढायचे, पहिला आणि शंभरावा सारखाच. आणि त्याच टेबलावर जिग व्हायच्या. जिग म्हणजे लाकूड अडकवायची चौकट. त्यात फळी बसवली की भोक दर वेळी ठरल्या जागीच पडणार. बाकी काम कुणीही करावं, पण फर्मा आणि जिग अण्णांशिवाय कुणी करत नसे. मी दोनदा हट्टानं राउटर हातात घेतला आणि दोन्ही वेळा कड जाळली. अण्णा रागावले नाहीत. "नंदे, तू लाकडाशी भांडतीस," एवढंच म्हणाले आणि तो तुकडा चुलीच्या पाटीत, जळणात टाकला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग शकीला आली. तिचे वडील उस्मानचाचा आमच्या मशिनांची दुरुस्ती करायचे. बेअरिंग बदलणं, पट्टा बसवणं, सगळं तेच. अण्णांचे फाउंड्रीपासूनचे दोस्त. एक दिवस पट्टा ताणता ताणता म्हणाले, "अण्णा, पोरगी दहावी होऊन घरी बसलीय. तिच्या हाताला काम द्या. शिलाईत तिचं मन नाही लागत." अण्णा म्हणाले, "पाठव की राव. इचारतो काय?" दुसऱ्या दिवशी ती आली. माझ्याहून वर्षानं मोठी, किडकिडीत, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. पहिला आठवडा ती माझ्याशेजारी बसून घासत होती. दुसऱ्या आठवड्यात अण्णांनी तिला सहज राउटर दिला. तिनं कड न जाळता घोड्याची मान काढली. अण्णांनी मानेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तो तुकडा शर्टाच्या खिशात घालून घरी नेला. रात्री जेवताना तो आईला दाखवला. मी समोर बसले होते.

त्यानंतरची पाच-सहा महिन्यांची हकिगत सांगायची तर ती माझ्या जळण्याचीच हकिगत आहे. अण्णा मला "नंदे" म्हणायचे आणि तिला "पोरी". मी त्यांची पोर, आणि पोरी ती! त्यांच्या कानावर कायम एक चपटी लाल पेन्सिल असायची, ती मला लहानपणीसुद्धा हाताळू दिली नव्हती. एक दिवस ती शकीलाच्या कानावर दिसली. तिनं नवं काही विचारलं की अण्णा मशीन बंद करून सांगायचे. मी विचारलं की मशीन चालू ठेवूनच ओरडून. आईही तिकडेच वळली. पिठल्याच्या कढईला खाली जी खरवड धरते ती आमच्या घरी जन्मापासून माझी. एका दुपारी जेवणाचा डबा उघडला तर खरवड वेगळ्या वाटीत, वर झाकण. मी हात घातला तर आई म्हणते, "ती ऱ्हाऊ दे. शकीलाला आवडती." मी डबा बंद केला आणि त्या दिवशी जेवलेच नाही. कुणी विचारलंही नाही, कारण सगळे जिगबद्दल बोलत होते.

तिचा दोष काय होता? काही नाही. ती माझ्याशी चांगलीच वागायची. ईदला शिरखुर्म्याचा डबा आधी माझ्या हातात द्यायची, माझ्या कॉलेजच्या गोष्टी तोंड उघडं ठेवून ऐकायची. एकदा म्हणाली, "तुझं बरंय नंदा, तू काहीही केलंस तरी ही शेड तुझीच." मला वाटलं टोमणा मारतेय. आज वाटतं तिनं साधी खरी गोष्ट सांगितली होती. पण जळणाऱ्या माणसाला साधं काही ऐकूच येत नाही.

त्या सुमारास बालवाड्यांसाठी मोजणीच्या पाट्यांची मोठी ऑर्डर आली. खाली एक जाड पाटी, तिच्यावर एका रांगेत दहा उभ्या दांड्या. वर दहा भोकांची पातळ फळी, चित्रं काढलेली, जी त्या दांड्यांवरून खाली सरकून बरोबर बसायची. मुलांनी फळी काढायची, मणी ओवायचे, मोजायचे, पुन्हा फळी बसवायची. पाट्या तयार होऊन दांड्यांसकट दिघीला रंगायला गेल्या होत्या. फळ्या व्हायच्या होत्या. भोकं पाडायची जुनी जिग वापरून वापरून ढिली झाली होती, म्हणून अण्णांनी ती मोडली होती. आता नवी करायची. बुधवारी संध्याकाळी काम संपवताना अण्णा म्हणाले, "पोरी, शुक्रवारी ही जिग तू करायची. मी बगत बसतो."

जिग! अण्णांशिवाय कुणी न केलेली. मी पॉलिशपेपर घासत होते, घासतच राहिले. आणि अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कपाटातला बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. लहानपणी मी त्याला हात लावला की म्हणायचे, "तुज्या कामाचा न्हाई तो." त्या दिवशी त्यांनी तो शकीलापुढं उघडला. आत फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेल्या तीन पोलादी पट्ट्या होत्या. "ह्या फाउंड्रीतल्या," ते सांगायला लागले. "ओतलेला धातू गार होताना आकसतो. म्हणून नमुना मूळ मापापेक्षा वाढीव करावा लागतो. दर येळी हिशोब कोण करणार? म्हणून पट्टीवरच्या खुणाच वाढीव. हिच्यावरचा एक सेंटिमीटर म्हंजी खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. ही बिडाची, ही पितळेची, ही अल्युमिनियमची. आमी हिला वाढीव पट्टी म्हणायचो. दिसायला साध्या पट्टीवानीच. म्हणून खेळण्याच्या टेबलावर हिला कधी येऊ द्यायची न्हाई." शकीलानं पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "कमाल आहे अण्णा." अण्णा हसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. माझ्या वडिलांचं सगळ्यात मोठं गुपित मला त्यांच्या पाठीआडून ऐकायला मिळालं.

गुरुवारी दुपारी आईला सांगितलं की शेडमध्ये माझं पुस्तक राहिलंय, आणि किल्ली घेऊन गेले. वीज नव्हती, मशिनं गप्प. माझ्या मनात काय होतं ते आज सोवळेपणानं सांगता येणार नाही. मला शकीलाचा हात मोडायचा नव्हता, तिला हाकलायचंही नव्हतं. तिची पहिली जिग चुकावी, अण्णांनी तिचा तुकडा चुलीच्या पाटीत टाकावा आणि "तू लाकडाशी भांडतीस" म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. टेबलाशेजारच्या खिळ्यावर रोजची पट्टी अडकवलेली असायची. ती काढली, डब्यातल्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळली आणि तिच्या जागी अल्युमिनियमची वाढीव पट्टी अडकवली. टोकाला ठोकलेली खूण होती, पण ती घासून इतकी पुसट झाली होती की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसली नसती. मिनिटभराचं काम. घरी येऊन मी पोटभर जेवले.

शुक्रवारी कॉलेज बुडवलं. जिग चुकलेली मला डोळ्यांनी पाहायची होती. शकीला आली, प्लायवूडचा लांबट तुकडा बरोबर चौकोनी कापला, टेबलावर ठेवला आणि हात मागं घेतला. "अण्णा," ती म्हणाली, "भोकांच्या खुणा पहिल्यांदा तुम्हीच करा. मी बघते. पुढची मी करीन." अण्णा म्हणाले, "भ्यायला काय झालं?" पण ते खूश झालेले मला दिसले. त्यांनी न बघता खिळ्याकडे हात नेला, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, आणि पट्टी उचलली.

मी चार हातांवर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. "अण्णा, ती पट्टी बघा जरा," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कशी आली, कुणी लावली, काही सांगायची गरजसुद्धा पडली नसती. पण ते शकीलासमोर म्हणावं लागलं असतं. आणि ती किती हुशार आहे ते मला माहीत होतं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं असतं आणि तिला सगळं कळलं असतं. म्हणून मी बोलले नाही. अण्णांनी पट्टी आडवी ठेवली, लाल पेन्सिल शकीलाच्या कानावरून काढून घेतली आणि तीस-तीस मिलिमीटरवर दहा खुणा केल्या. इतक्या सुबक, की मला रडू आलं. माझ्या नाकात भुसा गेला असं मी सांगितलं.

पहिला नग बसवून बघितल्याशिवाय दुसरा करायचा नाही, हा अण्णांचाच नियम. पण पाट्या होत्या दिघीला, आणि ऑर्डरची घाई. "माप तर माजंच हाय," अण्णा म्हणाले आणि ड्रिल सुरू झालं. दुपारी ते आणि शकीला भाकरी खायला बाहेर लिंबाखाली बसले तेव्हा मी आत जाऊन पट्ट्या पुन्हा आपापल्या जागी ठेवल्या. माझी करणी माझ्यापुरती मी पुसून टाकली होती. आत ड्रिल पुन्हा सुरू झालं आणि शनिवारी दुपारपर्यंत फळ्यांचा ढीग झाला, आईच्या कमरेएवढा.

शनिवारी चार वाजता टेंपोतून पाट्या आल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. अण्णांनी वरची एक पाटी घेतली, ढिगातली एक फळी घेतली आणि बसवायला लागले. पहिली दांडी गेली, दुसरी गेली, तिसरीला अडखळली. त्यांनी फळी जरा दाबली. दुसरी घेतली, तीही तशीच. मग पहिल्या भोकात दांडी धरून फळी नुसती वर टेकवून पाहिली, तर दहावी दांडी भोकाच्या पार बाहेर. अण्णांनी खिळ्यावरची पट्टी घेतली, आता खरी असलेली, आणि मोजलं. पहिल्या भोकापासून दहाव्यापर्यंत. नंतर मधली. पट्टी परत खिळ्याला अडकवली. मग म्हणाले, "अल्युमिनियम."

आईला काही कळलं नाही. शकीलाला कळलं, मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. फरक वेडावाकडा नव्हता, दर भोकाला सारखा वाढत गेला होता, आणि किती वाढला होता त्यावरून पॅटर्न मेकरनं धातूसुद्धा ओळखला. मी पट्ट्या जागेवर ठेवल्या होत्या, पण लाकडानं सगळं सांगून टाकलं. अण्णांनी डबा काढला, फ्लॅनेल उलगडलं आणि तिन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"पोरी," ते शकीलाला म्हणाले, अगदी हळू आवाजात, "तू बगायला काढली व्हतीस का ही? ठेवताना अदलाबदल झाली असंल. तसं असंल तर सांग. मी रागावत न्हाई."

"नाही अण्णा. तुम्ही दाखवली त्यानंतर मी डब्याला हातच लावला नाही."

"मग टेबलावर कशी आली? आन् परत डब्यात कशी गेली?"

"मला नाही माहीत."

"चूक चालती गं. लपवलेलं चालत न्हाई. माज्याकडून तीस वर्सांत किती चुका झाल्या."

"मी नाही केलं, अण्णा." मग ती माझ्याकडे वळली. रागानं नाही, नुसती पाहत राहिली. "नंदाला विचारा."

मी पॉलिशपेपर घट्ट धरून ठेवला होता. माझं उत्तर तयार होतं. पाठ करून ठेवलं होतं, "मला त्या डब्यात काय असतं ते तरी कुठं ठाऊक?" पण ते वापरायची वेळच आली नाही. अण्णांचा आवाज एकदम बदलला. "तिचा काय संबंध?" ते म्हणाले. "नंदी असलं करायची न्हाई." माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला मी एवढी वर्षं घालवली. मला आनंद झाला. खरा, पोटातून आलेला आनंद. मशीन बंद करून सांगितलेली विद्या नाही, लाल पेन्सिल नाही, पण हे वाक्य माझं होतं, आणि ते तिच्यासमोर बोललं गेलं होतं. शकीलानं ओढणीची गाठ सोडली, ती खांद्यावर घेतली, आपला जेवणाचा डबा उचलला आणि आईला "येते काकू" म्हणून निघून गेली. आई दारापर्यंत तिच्यामागं गेली आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी उस्मानचाचा दारात उभे राहिले, आत आले नाहीत. "अण्णा, ती म्हणते तिनं नाही केलं." अण्णा म्हणाले, "उस्मान, मी कुठं म्हणतो मुद्दाम केलं? झालं असंल चुकून. कबूल कर म्हणलं फक्त." चाचा पायांकडे बघत म्हणाले, "मी बी तेच सांगितलं तिला." मशीन बिघडलं की ते पुढंही येत राहिले. शकीला पुन्हा आली नाही. त्या फळ्या आईनं महिनाभर चुलीत जाळल्या. पाईनचा धूर फार, भिंती काळ्या झाल्या, आणि पिठल्याला चिकाचा कडवट वास यायचा. खरवड पुन्हा माझ्या ताटात आली होती.

टेबलाशेजारचं स्टूलही मला मिळालं. अण्णांनी मला सगळं शिकवलं, मशीन बंद करून. लग्न होईपर्यंत मी तिथं होते आणि शेवटी शेवटी बरी जिग करायला लागले होते. बरी. अण्णा माझ्या तुकड्यावरून अंगठा फिरवायचे आणि ढिगात ठेवायचे. खिशात घालून घरी एकही नेला नाही. शकीला असती तर, असं ते कधी म्हणाले नाहीत, पण नवीन फर्मा करताना त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि मला ते ऐकू यायचं. म्हणजे ती गेल्यावरही मी तिच्यावर जळतच होते.

गेल्या वर्षी सुनेनं नातवासाठी ऑनलाइन एक लाकडी बैल मागवला. मी सहज हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. ती कड मी ओळखली. खोक्यावर चाकणजवळचा पत्ता होता. आठ दिवस टाळाटाळ करून शेवटी रिक्षानं गेले. मोठी शेड, कॉम्प्युटरवर चालणारे दोन राउटर, टोप्या घातलेल्या पंधरा-वीस बायका. शकीला जाड झाली आहे, चष्मा आहे, केस मेंदीनं लाल. मला पाहताच तिनं ओळखलं. तिचं ऑफिस, तिची मशिनं, भिंतीवर ओळीनं टांगलेले फर्मे पाहून मला जे व्हायचं तेच झालं, ते लपवत नाही. चहा आला. मी कपाला हात न लावता म्हटलं, "शकीला, पट्टी मी बदलली होती."

"माहितेय," ती म्हणाली. "डबा उघडला तेव्हा तिथं होतो कोण? अण्णा, मी आणि तू."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. नंदाला विचारा म्हटलं. विचारलं का अण्णांनी?" तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी गेले तर अब्बांनी समोर बसवलं. खरं सांग, तूच केलंस ना? तीन वेळा विचारलं. सख्खा बाप! आणि तुला तुझ्या बापानं एकदा पण विचारलं नाही. एवढं सगळं उभं केलं मी, पण त्या एका गोष्टीवरून अजून जळते तुझ्यावर."

खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि बरं वाटणं संपलं. मी माफी मागितली. "मला नको सांगू," ती म्हणाली. "माफ-बिफ मी केलेलं नाही, आणि करायचं म्हटलं तरी जमणार नाही. अण्णांना सांग. ते मला अजून खोटारडी समजतात."

आई गेल्यापासून अण्णा माझ्याकडेच असतात. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख आहे. दुपारी ते दुधात भाकरी कुस्करून जेवत होते. मी समोर बसले आणि मोठ्यानं सांगितलं, "अण्णा, ती अल्युमिनियमची पट्टी मी बदलली होती. शकीलानं नाही."

त्यांनी घास गिळला. "उस्मानची पोरगी. लय गुणाची. तेवढं एकच खोटं बोलली बघ."

"ती खोटं बोललीच नाही. मी बदलली. गुरुवारी किल्ली घेऊन गेले होते. तुम्ही तिला शिकवायचा, मला बघवत नव्हतं."

त्यांनी भाकरी कुस्करायचं थांबवलं. मला वाटलं, पोचलं. मग त्यांनी ओला हात धोतराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "तिला भेटून आलीस व्हय?"

"हो, पण—"

"रडली असंल तुज्यापुढं. म्हणून तिचा आळ आता तू सोताच्या अंगावर घेतीस. लहानपणापासून असंच तुजं. दुसऱ्यासाठी जीव तुटतो."

"अण्णा, नाही. ऐका माझं. मीच बदलली. मी."

मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते चिडले. "नंदे, बास," ते म्हणाले. "माज्या पोरीबद्दल असलं मी ऐकून घेणार न्हाई." आणि अर्धं जेवण तसंच टाकून त्यांनी ताट बाजूला सारलं.